होडी खरंच कोरडी आहे का? पुण्याच्या धरणांवर वल्हवायला येणाऱ्या नवख्यांसाठी

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी सातच्या सुमारास पवनेच्या काठावर एक पोरगा गाडीच्या टपावर पिवळी कायाक बांधून आला. वारा सुटायच्या आत पलीकडच्या टेकडीपर्यंत जाऊन यायचं म्हणून पट्टे सोडायची कोण घाई! मी सहज विचारलं, शेवटची कुठे घातली होतीस?

"अलिबागला, काका. खाडीत. पण आठवडा झाला त्याला. एकदम कोरडी आहे."

"बूच काढ बघू."

बूच निघालं. दोघांनी मिळून पुढचं टोक उचललं, मागे मी घरून आणलेलं पांढरं एनॅमलचं पातेलं धरलं. ते जवळजवळ अर्धं भरलं. खाऱ्या वासाचं गढूळ पाणी, तळाला चमचाभर वाळू, आणि त्या वाळूत शेवईच्या तुकड्याएवढं काहीतरी आखडत होतं, पसरत होतं. पोरगा वाकून बघतच राहिला. "हे जिवंत आहे?"

जिवंतच होतं. अळी होती कसलीशी, बिचारी निरुपद्रवीही असेल. पण घाट चढून, आठ दिवस गाडीच्या टपावर ऊन खाऊन ती जिवंत होती, आणि आणखी पाच मिनिटांत ती पिंपरी-चिंचवडच्या पिण्याच्या पाण्यात उतरली असती. तिच्या जागी एखादा परका शिंपला असता तर? खरी धास्ती त्याची. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी वल्हं कसं धरायचं हे शिकवण्याआधी होडी कशी तपासायची ते शिकवतो. तेच इथे लिहून काढलंय.

आधी एक खुलासा. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं. कुठे बोटिंगला मुभा आहे, कुठे साफ मनाई आहे, खडकवासल्याचा कुठला भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा म्हणजे लष्कराचा आहे, याची चौकशी आपली आपण आधी करायची. हा लेख परवानगी मिळाल्यानंतरचा आहे.

शिंपल्याची एवढी धास्ती कशाला?

झेब्रा शिंपला नावाचा एक प्राणी आहे. नखाएवढा, अंगावर तपकिरी पट्टे. मूळचा काळा समुद्र आणि कास्पियनच्या आसपासचा. मालवाहू जहाजं तोल सांभाळायला पोटात जे पाणी भरून घेतात, त्यातून तो अमेरिकेत गेला आणि १९८८ साली लेक सेंट क्लेअर या तलावात सापडला. पुढच्याच वर्षीच्या हिवाळ्यात मिशिगन राज्यातल्या मन्रो शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, कारण तलावातून पाणी खेचणाऱ्या नळाचं तोंड या शिंपल्यांनी बुजवलं होतं. गुरुवारी पाणी बंद ही गोष्ट पुणेकरांच्या अंगवळणी पडलेली आहे, पण ती दुरुस्तीसाठी. नळाचं तोंडच शिंपल्यांनी लिंपून टाकलं म्हणून पाणी बंद, ही कल्पना आपल्यालाही झेपणार नाही.

त्याचा भाऊ क्वागा शिंपला. तो २००७ च्या जानेवारीत नेवाडा-अॅरिझोनाच्या सीमेवरच्या लेक मीडमध्ये सापडला. त्या पहिल्या तलावाच्या आणि याच्या मधे रॉकी पर्वताची अख्खी रांग. पोहत तर तो गेला नाही. ट्रेलरवरून ओढत नेलेल्या होडीला चिकटून गेला असणार, असंच सगळे मानतात. त्यानंतर तिकडच्या पश्चिमेकडच्या राज्यांनी रस्त्यावर नाके बसवले. होडी घेऊन जाताय? थांबा, दाखवा. मिनेसोटात तर होडी रस्त्यावरून नेताना बूच काढलेलं असणं कायद्यानेच सक्तीचं आहे. माझा भाचा तिकडे असतो. बूच लावून निघाला म्हणून त्याला दंड झाला तेव्हा घरी आम्ही पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही.

आपल्याकडच्या हवेचा विचार केला तर मला या दोघांपेक्षा तिसऱ्याची काळजी जास्त वाटते. तो सोनेरी शिंपला. मूळचा चीनचा. १९९१ मध्ये अर्जेंटिनात पोचला, तिथून नद्यांनी वर चढत ब्राझीलच्या जलविद्युत केंद्रांपर्यंत गेला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात सापडला. त्यानंतर तिकडच्या काही तलावांनी बाहेरून आलेल्या होड्यांना ३० दिवस सील लावून कोरडं बसवायला सुरुवात केली. हा उष्ण पाणी झेब्र्यापेक्षा चांगलं सोसतो आणि कवच बांधायला त्याला पाण्यात चुनाही फारसा लागत नाही. कोकणात ज्याला शिणाणे म्हणतात ना, त्याच कुळातला हा, फक्त गोड्या पाण्यात रमणारा.

तिघांचीही तऱ्हा एकच. मादी हंगामात लाखांनी अंडी सोडते. त्यातून निघणारी पिल्लं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. ती काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग बारीक चिवट धाग्यांनी कशालाही चिकटतात: दगड, दोर, जाळी, पाइप, एकमेकांची पाठ. धाग्याने चिकटणं, हे एवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

"हे सगळं परदेशातलं" असं कुणी म्हणालं की मी विशाखापट्टणमचं उदाहरण देतो. झेब्र्याच्याच कुळातला, अमेरिकेकडच्या उष्ण किनाऱ्यांवरचा मायटिलॉप्सिस हा शिंपला तिथल्या बंदरात १९६७ मध्ये नोंदला गेला. पुढे तो मुंबईच्या गोदीतही आला. तो खाडीच्या मचूळ पाण्यात मजेत राहतो, क्षारता वरखाली झाली तरी त्याचं फारसं बिघडत नाही. केरळात अष्टमुडीच्या खाजणात अलीकडे आणखी एक परका शिंपला पसरला आणि तिथले शिंपले काढून पोट भरणारे लोक त्रासले.

हाच मायटिलॉप्सिस १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या होडीतळांमध्ये सापडला. त्यांनी दरवाजे बंद करून आत क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. शिंपले मेले, आणि आतलं बाकी सगळंही मेलं. पण सुटका झाली. ती झाली कारण त्या तळांना दरवाजे होते आणि ते पाणी कुणी पीत नव्हतं. खडकवासल्याला असले दरवाजे कुठून आणणार? आणि मोरचूद ओतायचं म्हटलं, तर नळ आख्ख्या पुण्याचा.

पाणी कुठून कुठे जातं, ते आधी पाठ करा

नवखे लोक हा भाग वाचायचा कंटाळा करतात. मी मात्र परीक्षाच घेतो.

टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचं पाणी उतरून खडकवासल्यात येतं. खडकवासल्यातून पुणं पाणी पितं आणि उरलेली मुठा शहरातून वाहते. पवना धरणाचं पाणी नदीतून रावेतला येतं, तिथून ते पिंपरी-चिंचवडसाठी उचलतात. पुढे पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. संगमावर मुळा आणि मुठा एक होतात, ती मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, आणि भीमा उजनीत विसावते. उजनीचं पाणी सोलापूर पितं. मुळशी तेवढं वेगळं. त्याचं बरंचसं पाणी वीज करायला घाट उतरवून भिऱ्याला नेतात, ते पुढे कुंडलिकेत, म्हणजे कोलाडला राफ्टिंग करता तिथे.

आता याचा अर्थ बघा. पानशेतमध्ये काही पडलं तर ते आज ना उद्या उजनीपर्यंत आपोआप जाणार, त्याला होडीची गरज नाही. पण उजनीतलं काही पानशेतला स्वतःहून चढू शकत नाही. कुणीतरी उचलून नेलं तरच चढतं. ते उचलून नेणारे आपण: टपावर होडी आणि डिकीत ओल्या चपला टाकून शनिवार-रविवारी हिंडणारे.

म्हणून पहिला नियम तपासणीचाही नाही, सहल आखण्याचा आहे. एकाच सुट्टीत दोन पाणी करायची असतील तर वरचं आधी, खालचं नंतर. पानशेत करून उजनी चालेल. उजनी करून पानशेत, होडी पूर्ण सुकल्याशिवाय नाही. आणि खाडीतून थेट धरणावर तर कधीच नाही.

माझ्या अंदाजाने उजनीच्या भोई मंडळींकडून धोका फार कमी आहे. त्यांच्या होड्या वर्षानुवर्षं त्याच काठाला असतात आणि जाळी रोज उन्हात पडतात. परकं आलं तर सोसायचं मात्र त्यांनीच. मत्स्यालयातून कुणीतरी सोडून दिलेला सकर मासा त्यांच्या जाळ्यात येतो, जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

पिशवीत काय हवं

फार काही नाही. टॉर्च, जुना टूथब्रश, मोठा स्पंज, पांढरं पातेलं किंवा ट्रे, एक पंचा, रद्दीचे पाच-सहा कागद, झाकणाची छोटी बाटली आणि वही. भिंग असलं तर उत्तम, नसलं तर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून चालतो. पातेलं पांढरंच हवं. स्टीलच्या चकाकीत बारीक जीव दिसत नाहीत, हे मी आमच्या घरातलं एक स्टीलचं पातेलं बाटवून शिकलोय.

तपासणी: पाण्यातून बाहेर काढल्याबरोबर

खरी तपासणी घालताना नाही, काढताना करायची. घालताना करायची ती उजळणी. नेमकी उलटी सवय असते सगळ्यांची, कारण निघताना भूक लागलेली असते आणि कामशेतचा वडापाव डोळ्यांपुढे असतो.

होडी काठापासून दहा-पंधरा पावलं वर ओढा, जिथून निथळलेलं पाणी परत तलावात जाणार नाही. बूच काढा. मग देवळात घालतो तशी होडीला प्रदक्षिणा घाला, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरू करून परत नाळेपर्यंत. एकदा डोळ्यांनी, एकदा बोटांनी. दोन वेगळ्या फेऱ्या. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलात की हात डोळ्यांच्या मागे जातो आणि डोळ्यांनी जे हेरलं तेवढंच चाचपतो.

डोळ्यांच्या फेरीत शोधायचं ते जलपर्णीचं मूळ, शेवाळाचा तंतू, चिखलाचा थर, शंख, शिंपला, अंड्यांचा गुच्छ. जलपर्णीला हसू नका. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्या माणसाला ती काय करते ते सांगायला नको. मुळासकट एक फुटवा पुरतो तिला. पोषक पाणी आणि ऊन मिळालं की एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. शिंपला आपल्या दारात अजून यायचाय असं धरून चाला हवं तर, पण जलपर्णी घरात बसून जेवतेय. म्हणजे आज तपासणीचा रोकडा फायदा तिच्यासाठीच आहे.

बोटांची फेरी डोळे मिटून केलीत तरी चालेल. नुकतंच चिकटलेलं शिंपल्याचं पिल्लू दिसत नाही, पण लागतं. गुळगुळीत फायबरवरून हात फिरवताना मधेच सुताराच्या पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं की थांबा. ओरखडा असू शकतो, सुकलेला चिखल असू शकतो. ओल्या पंचाने पुसा. पुसूनही खरखर राहिली तर टूथब्रशने घासून पातेल्यात पाडा आणि भिंगाखाली बघा.

बोटं कुठे जायला हवीत? वर बसायच्या कायाकला तळातून आरपार भोकं असतात, पाणी निथळायला. प्रत्येक भोकात बोट घालून आतून गोल फिरवा. पाय टेकायच्या पट्ट्यांच्या मागे. बसायच्या गादीखाली, ती काढता येते, हे कित्येकांना वर्षभर माहीतच नसतं. सुकाणू असेल तर त्याच्या बिजागरीत. दोराच्या गाठींमध्ये, कारण दोर बाहेरून सुकतो, गाठ सुकत नाही. नांगर असेल तर त्याचा चिखल पूर्ण झाडा. लाइफ जॅकेटच्या खिशात. गाडीच्या पट्ट्यांवर. आणि चपलांच्या तळव्यावर, जिथे बघायला कुणी वाकत नाही.

इंजिनाची होडी असेल तर काम थोडं वाढतं. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेलं यंत्र, थंड राहायला तलावाचंच पाणी आत खेचतं, तेव्हा ते आत राहिलंच. यंत्र उभं, त्याचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा भाग, खाली करून सगळं पाणी गळू द्या. घरी गेल्यावर नळाची रबरी जोडणी लावून, पुस्तिकेत दिलंय तसं, स्वच्छ पाण्याने ते आतून धुवा. तळात साठलेलं पाणी स्पंजने टिपा, पंपावर विसंबू नका. पंप शेवटचं बोटभर पाणी सोडतोच. माशांसाठी किंवा गळाच्या आमिषासाठी डबा नेला असेल तर त्यातलं पाणी तिथेच जमिनीवर ओता.

रोइंगच्या लांब सडक होड्यांचं सांगायचं तर, त्या बहुतेक आपल्या क्लबाचं पाणी सोडत नाहीत. स्पर्धेला बाहेर नेल्या तर मात्र वरचंच सगळं लागू, आणि वल्ह्यांच्या मुठी विसरू नका.

कोरडी म्हणजे किती कोरडी

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. तीन वर्षांपूर्वी फुगवायची कायाक उजनीला नेली होती. संध्याकाळी अंधार पडत आलेला, हवा काढली, पंचाने वरवर पुसली, गुंडाळून पिशवीत कोंबली. नऊ दिवसांनी पानशेतला काठावर उलगडली तर आधी वास आला, मग तळाच्या घडीतून तीन गोगलगायी पडल्या, हरभऱ्याएवढ्या. एकीला बाटलीच्या झाकणात पाणी घालून ठेवली. दहा मिनिटांत तिने दार उघडलं आणि चालायला लागली. मी होडी तशीच गुंडाळली आणि घरी परत आलो. बायकोने विचारलं, इतक्या लवकर? म्हटलं, पाणी नव्हतं. तिने खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघितलं.

गुंडाळलेली होडी सुकत नाही, ती ओल जपून ठेवते. शिंपलाही असाच कवच मिटून, आतलं पाणी राखून दिवसेंदिवस पाण्याबाहेर तग धरतो, आणि थंड दमट हवेत तर आठवड्यांचा हिशेब होतो.

तेव्हा सुकवायची ती उलगडून, फुगवून, उलटी करून. एप्रिल-मेच्या पुणेरी उन्हात बुचं काढून, गाद्या काढून पाच पूर्ण दिवस मी पुरेसे धरतो. पण दिवस मोजण्याआधी रद्दीची परीक्षा: वर्तमानपत्राचा बोळा करून बुचाच्या भोकात, पायाच्या खाचेत, घडीच्या बेचक्यात रात्रभर ठेवायचा. सकाळी उलगडताना कागद कुरकुरला तर ठीक. गप्पपणे उलगडला तर ओल आहे, दिवस पुन्हा शून्यापासून मोजा.

पावसाळ्यात सुकणं हा शब्द विसरा. जून ते सप्टेंबर एक पाणी धरा आणि तिथेच वल्हवा. दुसरीकडे जायचंच असेल तर घरात पंख्याखाली सुकवून, बोळा कुरकुरल्यावर पुढे ३० दिवस थांबा, नाहीतर गरम पाण्याचा उपाय करा.

गरम पाणी म्हणजे ६० अंश सेल्सियस, आणि ते पृष्ठभागाला किमान १० सेकंद लागलं पाहिजे. पृष्ठभागाला, हे महत्त्वाचं. गीझरमधून ६० अंशांनी निघालेलं पाणी नळीतून पार्किंगपर्यंत येईस्तोवर कोमट होतं आणि शिंपल्याला नुसती आंघोळ घडते. मी बादलीत जास्त तापवलेलं पाणी घेतो, स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर बुडवून बघतो आणि तांब्याने सावकाश ओततो, भोकांत आणि खाचांत जास्त वेळ. यंत्राच्या किंवा टाकीच्या आत इतकं गरम चालत नाही; तिथे ५० अंशांच्या आसपासचं पाणी दोन मिनिटांहून जास्त वेळ खेळवतात. फुगवायच्या होडीचे जोड चिकटवलेले असतात, तेव्हा आधी तिच्या पुस्तिकेत बघा किती तापमान सोसतं. लहान मुलं आसपास नकोत. आणि हे सगळं बागेत, मातीवर करा. पार्किंगमधलं पाणी पावसाळी गटारात जातं आणि गटार नदीत, म्हणजे फिरून तेच. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी यावर हरकत घेतली होती. त्यांच्या जास्वंदीला मिळणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडल्यावर ती मागे घेतली.

ब्लीच, फिनेल वगैरे काठावर बिलकुल वापरायचं नाही. शिंपला यायच्या आधीच आपण मासे मारून ठेवू.

दुसऱ्याची होडी तपासताना

हे खरं अवघड. स्वतःची होडी कुणीही तपासेल, पण रविवारी सकाळी उत्साहाने आलेल्या माणसाला थांबवायचं म्हणजे जिवावर येतं. आपण कुणी सरकारी निरीक्षक नाही, अडवायचा अधिकार नाही. म्हणून मी फक्त दोन प्रश्न विचारतो: शेवटची कुठे होती, आणि कधी? अमेरिकेतल्या नाक्यांवरही सुरुवात याच दोन प्रश्नांनी होते. उत्तर वहीत लिहायचं, त्याच्या देखत. वही उघडली की माणूस आपोआप नीट आठवायला लागतो. "आठवडा झाला" चं "बुधवारी" होतं.

आवाज चढवायचा नाही. "मी तुमच्याबरोबर एक फेरी मारतो, चालेल का?" एवढंच. वयाने मोठा असेल तर "दादा, जरा बूच काढून दाखवता?" हात आपण लावायचा नाही, त्यालाच लावायला सांगायचं. पातेल्यात काही निघालं की बोलायचं काम पातेलं करतं. आमच्यातल्या एकाने शेडच्या दारावर पाटी लावली आहे: "ओली होडी आत आणू नये. ओली नाही असे सांगूही नये. बूच काढावे." भांडणं निम्म्याने कमी झाली असं तो म्हणतो. मला तसं वाटत नाही, पण नवी माणसं तिच्याबरोबर फोटो काढतात आणि त्या गडबडीत बूच खरंच काढलं जातं.

घरात माशांची टाकी असेल तर तुम्हीही यात आलात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत मत्स्यालयात ठेवायचे शेवाळाचे गोळे विकायला होते, त्यात जिवंत झेब्रा शिंपले निघाले. होडी नाही, ट्रेलर नाही, नाका नाही, पाकिटातून घरपोच. टाकीचं पाणी झाडाच्या आळ्यात टाका. पाषाण तलावात किंवा नदीत नाही, आणि कंटाळा आलेले मासे तर मुळीच नाहीत.

काही सापडलंच तर

आधी घाबरू नका, कारण आपल्या नद्या-तलावांत आपले स्वतःचे शिंपले आहेत आणि ते असायलाच हवेत. ते चिखलात अर्धे रुतून राहतात, हाताच्या पंजाएवढेही होतात, आणि मोठे झालेले धाग्यांनी होडीला चिकटत नाहीत. काठावर तसलं मोठं कवच दिसलं तर तिथेच राहू द्या. गोगलगाय चिकटते, पण ती आपल्या मऊ पायाने, आणि तिचं कवच एकच, वेटोळं. संशय घ्यायचा तो दोन शिंपांच्या, लहानशा, कडक पृष्ठभागाला धाग्यांच्या झुबक्याने धरून बसलेल्या जिवाचा. ओढला तर जरा ताणून मग सुटतो आणि मागे बारीक केसांसारखे तंतू राहतात.

असा सापडला तर होडी पाण्यात घालू नका, घातली असेल तर काढा. जागेवरच फोटो घ्या, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, वरून आणि बाजूने. मग दोन-तीन नमुने तंतूंसकट सोडवून बाटलीत घाला. उरलेले खरवडून पिशवीत बांधून घरी न्या, पाण्यात परत टाकू नका. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. प्राणी ओळखणं हेच त्यांचं काम. नमुना तिथे दाखवा, आणि धरणाच्या शाखा कार्यालयालाही कळवा. व्हॉट्सअॅपवर "खडकवासल्यात घातक शिंपला" असं फिरवायचं काम ओळख पटल्यावरही नाही, पटण्याआधी तर नाहीच.

बाटलीत औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट घाला, नमुना बुडेल इतकं. आत जाड कागदाची चिठ्ठी टाका: तारीख, धरणाचं नाव, काठावरचं गाव, कशाला चिकटला होता, होडी त्याआधी कुठे होती. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये पसरते आणि केंद्रावरच्या माणसाच्या हातात निळं पाणी आणि कोरा कागद जातो.